गंधार टोचतो म्हणणाऱ्या बाईंना सोडू नकोस

पत्र

काका, सप्रेम नमस्कार. मी तुमच्यापेक्षा बराच लहान आहे, तेव्हा उत्तरात अरे-तुरेच करा.

मी ३६ वर्षांचा, डोंबिवलीला राहतो. गेली ११ वर्षं पियानो ट्यूनिंगवरच घर चालतं. वांद्र्याच्या एका गोवेकर अंकलच्या हाताखाली शिकलो. ते गेल्यावर त्यांची बरीच घरं माझ्याकडे आली. आज नव्वदेक घरं आहेत. कामाची ददात नाही, पण तीन गिऱ्हाइकांनी जीव नकोसा केलाय. त्यांना सोडावं का, आणि सोडायचं तर कसं, एवढंच विचारायचंय.

पहिल्या पार्ल्याच्या एक बाई. शास्त्रीय गाणं शिकवतात, पट्टी काळी पाच. त्यांची मुलगी पियानो शिकते. पाच वर्षं तिथे जातोय, कधी तक्रार नव्हती. गेल्या वर्षभरात मात्र तीनदा परत बोलावलं. म्हणतात, गंधार चढा आहे, टोचतो. तिन्ही वेळा फुकट गेलो. मशीन लावून पाहिलं तर सूर जागच्या जागी. यांना सोडायचं मी जवळजवळ ठरवलंय.

दुसरे दादरच्या पारशी कॉलनीतले एक म्हातारे गृहस्थ. आजीच्या वेळचा पियानो, तारा ताणून धरणाऱ्या पिना ढिल्या. ट्यून केला की तीन आठवड्यांत उतरतो. दुरुस्तीचं नाव काढलं की नको म्हणतात, पैशांत घासाघीस करतात आणि वर ऐकवतात, "तुझ्या गुरूचं ट्यूनिंग वर्षभर टिकायचं."

तिसरे पवईचे एक वडील. मुलगी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पियानोच्या परीक्षेला बसते. यांच्या मोबाइलवर ट्यूनिंगचं ॲप आहे. रात्री ११ वाजता लाल काट्याचे फोटो पाठवतात.

बाकी घरं चांगली आहेत. दीड वर्षापासून एका हॉलचं कामही मिळालंय. तिथले व्यवस्थापक फार चांगले, गोड बोलतात. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी फोन येतो, तासाभरात उरकावं लागतं, पैसे सहा-आठ महिन्यांनी मिळतात. पण वर्षाला बारा-चौदा कामं तिथूनच येतात. वरचं दीड सप्तक कधी कधी तसंच राहतं, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

तर या तिघांचं काय करू?

— एक ट्यूनर, डोंबिवली


उत्तर

प्रिय मित्रा,

तू तीन गिऱ्हाइकांबद्दल विचारलंस, पण पत्रात चार आहेत. चौथ्याचं तू कौतुक केलंयस. त्याच्याकडे सगळ्यात शेवटी येतो, कारण तिथवर जायचा रस्ता पार्ल्याच्या बाईंच्या घरातून जातो.

मी ३८ वर्षं हे काम केलं. खांदा गेला म्हणून थांबलो. तेवढ्या वर्षांत ज्यांनी मला परत परत बोलावलं, त्यांतल्या निम्म्यांचं तरी काहीतरी खरं होतं. त्यांना ते नीट सांगता येत नव्हतं. आणि मला त्या वेळी ऐकता येत नव्हतं, कारण मी रागात असायचो.

बाईंची तक्रार आधी आपल्या कामाच्या अंगानं पाहू. नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप उमटतो, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलंय. तो स्वर मूळ षड्जाच्या पाचपट कंपनांचा. खाली सप्तकात आणला की षड्जाशी त्याचं प्रमाण पाचास चार, आपल्या सेंटच्या हिशोबात, म्हणजे सप्तकाचे १२०० बारीक भाग धरले तर, ३८६. पियानोवर आपण सप्तकाचे बारा सारखे भाग करतो, त्यात गंधार येतो ४०० वर. म्हणजे १४ सेंट चढा. पंचमात हाच फरक जेमतेम २ सेंट, म्हणून पंचम टोचला असं कुठलाही गाणारा तुला सांगणार नाही. बाईंचा षड्ज काळी पाच, म्हणजे त्यांचा गंधार पांढरी दोन, आपला डी. मधल्या सी च्या लगेच खालची काळी पाच आणि तिच्या वरची पांढरी दोन एकत्र वाजवून बघ. आवाज लहानमोठा होत थरथरतो, सेकंदाला नऊच्या थोड्या वर लाटा येतात. त्याच्याही खाली एफ आणि ए मध्ये जवळजवळ सात. या लाटा मोजून तर आपण टेम्परामेंट, म्हणजे ही बारा सारख्या भागांची वाटणी, बरोबर बसलं की नाही ते तपासतो. बाईंना जे टोचतं, ते तू मोजून, मेहनतीनं घडवलेलं असतं.

ही तक्रार पेटीबद्दल आपल्याकडे किती वर्षं चालू आहे! ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही हा एक आक्षेप होता, तिचे स्वर आपल्या गाण्याच्या जागी बसत नाहीत हा दुसरा. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी बनवली ती याच दुखण्यावर. तेव्हा बाईंना "मशीनवर बरोबर येतंय" असं उत्तर देणं म्हणजे मराठीत विचारलेल्या प्रश्नाला भलत्याच भाषेत उत्तर देण्यासारखं झालं. त्यांच्यासमोर बस, तानपुरा लावायला सांग, त्यांना त्यांचा गंधार गाऊ दे आणि त्याच वेळी डी वाजव. दोन स्वर शेजारी शेजारी उभे राहिले की फरक कुठून येतो ते त्यांना दोन मिनिटांत कळेल. आपल्या व्यवसायात इतक्या चांगल्या कानाचं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. मग सांग की एका पट्टीत गंधार शुद्ध केला तर दुसऱ्या पट्ट्यांत तो आणखी बिघडतो, आणि मुलगी जे वाजवते ते सगळ्या पट्ट्यांतून फिरतं. त्या गाणं शिकवतात, त्यांना हे तुझ्यापेक्षा लवकर समजेल.

पण एवढ्यावर थांबलास तर फसशील.

तूच लिहिलंयस की पाच वर्षं तक्रार नव्हती. ती पाच वर्षंही पियानोचा गंधार १४ सेंट चढाच होता. तेव्हा टोचला नाही, मग आताच का टोचायला लागला? गेल्या वर्षभरात काहीतरी बदललंय. काय बदललं ते शोधल्याशिवाय या बाईंना सोडणं अन्याय होईल. त्यांच्यावर होईल, आणि तुझ्या कामावरही.

मला तीन शक्यता दिसतात. त्या खोलीत नवीन एसी लागला असेल. दिवसा तीन तास एसी आणि उरलेला वेळ खिडक्या उघड्या, असं मुंबईच्या पावसाळ्यात चाललं की साउंडबोर्डचं, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणाऱ्या फळीचं, लाकूड फुगतं, सुकतं, पुन्हा फुगतं. फुगलं की तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. सगळीकडे सारखा नाही चढत, मधल्या भागात जास्त चढतो, आणि बाईंचं गाणं नेमकं त्याच भागात. तू जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्यून करून आलास तर ऑगस्टमधला पियानो तू ट्यून केलेला पियानो राहिलेलाच नसतो. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळासारखं यंत्र फार महाग नसतं. त्यांना एक घ्यायला सांग आणि पियानोवर ठेवायला सांग. ट्यूनिंग पाऊस ओसरून हवा स्थिरावल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीला ने. जुन्या घरांत दमटपणा कमी ठेवायला पियानोच्या आत कमी वॅटचा दिवा लावून ठेवायची पद्धत होती, तुझ्या अंकलनीही लावले असतील. उपाय साधा होता, पण त्यामागची समज पक्की होती.

दुसरी शक्यता, बाई अलीकडेच पियानोच्या साथीनं गायला लागल्या असतील. मुलगी मोठी झाली, आता दोघी एकत्र काही करत असतील. आधी पियानो शेजारच्या खोलीत वाजायचा, आता तो गळ्याच्या शेजारी आला. हे विचारून घे.

तिसरी शक्यता लिहायला मला जड जातंय, पण लिहितो. तुझा हात घाईला लागला असेल.

मधल्या डी ला तीन तारा असतात. मशीनवर तू बहुतेक मधली तार पाहतोस, बाजूच्या दोन म्यूटनं दाबून. मग त्या दोन कानानं मधलीला मिळवतोस. पिन वर ओढून, थोडी मागे घेऊन, जागेवर नीट बसवली नाही तर आठवड्याभरात तार सरकते. सगळ्या तारा मिळून पियानोवरचा ताण १८-२० टनांच्या घरात. एवढ्या ताणाखाली अर्धवट बसलेली पिन किती दिवस तग धरणार? एक तार एक-दीड सेंट सरकली की त्या स्वराला एक मंद हेलकावा येतो. गाणारा माणूस त्याला युनिझन, म्हणजे तिन्ही तारांचा मेळ, बिघडलं असं म्हणत नाही. त्याच्याकडे एकच शब्द असतो, टोचतंय. आणि तो हेलकावा मुळातच चढ्या असलेल्या गंधारावर आला तर तो त्यांना दुप्पट टोचणार. तुझं मशीन मात्र मधली तार बरोबर दाखवणार.

आता तारखा बघ. हॉलचं काम दीड वर्षापूर्वी सुरू झालं. बाईंची पहिली तक्रार वर्षापूर्वीची. मी आरोप करत नाही, तुझं काम मी ऐकलेलं नाही. पण तासाभरात पियानो उरकायची सवय लागलेला हात पार्ल्यात गेल्यावर आपोआप दोन तासांचा होत नाही, हे मी स्वतःच्या हातावरून सांगतोय. मलाही एक काळ असा आला होता.

आता बाकीच्या दोघांचं उरकतो, मग हॉल.

पवईच्या वडिलांचा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही. त्यांच्याकडचं ॲप बहुधा गिटारसाठी केलेलं असणार. पियानोची तार जाड, ताठ पोलादाची, तिच्या सुरात मिसळलेले वरचे स्वरांश गणितापेक्षा किंचित चढे येतात. म्हणून आपण सप्तकं थोडी ताणून लावतो, वरचे स्वर चढे आणि खालचे उतरे. रेल्सबॅक नावाच्या संशोधकानं १९३८ साली चांगल्या ट्यून केलेल्या पियानोंची मोजमापं मांडली, त्यात हा वक्र स्वच्छ दिसतो. लहान अपराइटवर, म्हणजे उभ्या पियानोवर, शेवटच्या काही कीज २०-३० सेंट चढ्या असतात, आणि तिथे तुझ्या कामाचा फोटो लाल काट्यानं येणारच. त्यांच्यासमोर एकदा सगळ्यात वरचं सप्तक ॲपच्या म्हणण्याप्रमाणे लावून दाखव आणि मुलीला वाजवायला सांग. तीच म्हणेल की वरचे सूर मेल्यासारखे वाटतात. मुलीच्या कानावर वडील विश्वास ठेवतील. रात्रीच्या फोटोंसाठी सरळ सांग की संध्याकाळी ८ नंतर मी काम बघत नाही, सकाळी उत्तर देईन. आणि तसंच वाग. रात्री ११ ला "ठीक आहे सर, बघतो" असं लिहून तूच त्यांना वेळ दिलास. एवढं करूनही फोटो थांबले नाहीत तर सोड, पण मुलीची परीक्षा झाल्यावर. परीक्षेच्या तोंडावर ट्यूनर गेला तर त्याची किंमत मुलगी मोजते.

पारशी कॉलनीतल्या आजोबांबद्दल मात्र मला हळू बोलावंसं वाटतं.

"तुझ्या गुरूचं ट्यूनिंग वर्षभर टिकायचं" हे ते खोटं सांगत नाहीत. तीस वर्षांपूर्वी त्या पियानोचा पिन ब्लॉकही तीस वर्षांनी तरुण होता. लाकडाच्या भोकात पोलादी पिन नुसत्या घर्षणावर उभी असते. हवा ओली-कोरडी होत राहिली की भोक सैल पडतं, पिन गोल गोल फिरायला लागते. तुझे अंकल आज हयात असते तरी तो पियानो तीन आठवड्यांतच उतरला असता. हे आजोबांना कुणी सांगितलंय का? तू सांगितलं असशील ते तोंडी, घासाघीस चालू असताना. तेव्हा त्यांना ते पैसे वाढवायचं निमित्त वाटलं असणार.

कागदावर लिही. एकेक पिन लिव्हरनं तपास आणि ढिल्या पिनांवर खडूनं खूण कर. सव्वादोनशे-तीसांतल्या किती ढिल्या आहेत त्याचा आकडा लिही. मग पुढचे मार्ग लिही. ब्लॉकमध्ये जागा असेल तर पिना थोड्या आत ठोकता येतात. पातळ सुपरग्लू पिनेच्या बुडाशी सोडून पकड आणता येते, हा सगळ्यात स्वस्त उपाय. एक नंबर जाड पिना घालता येतात, पण त्यात तारांचंही काम निघतं. यातलं काहीच नको असेल तर पियानो आहे त्या उतरत्या सुरावरच, थोडा खालीच, त्याच्यातच मेळ साधून लावून देता येतो. तो ४४० ला, म्हणजे ए च्या प्रमाण सुराला, ओढायचा नाही, तारा तुटतील. असा लावलेला पियानो किती दिवस टिकेल याची हमी नाही, हेही लिही. खाली त्यांची सही घे. सही केली तर तू निर्धास्त जात राहा, ठरलेल्या पैशांत, आणि गुरूचं नाव निघालं की "हो, त्यांचा हात फार चांगला होता" म्हण. हे खरंच आहे. सही नको म्हणाले तर नमस्कार कर आणि उठ.

हे मी एवढ्या बारकाईनं लिहितोय त्याला कारण आहे. १९९४ साली गिरगावात असंच एक घर मी सोडलं. तोच प्रकार, ढिल्या पिना, घासाघीस, जुन्या ट्यूनरचं कौतुक. एक दिवस हत्यारांची पिशवी उचलली आणि जिना उतरताना मोठ्यानं म्हणालो की हा पियानो नाही, भंगार आहे. वर्षभरानं त्याच चाळीतल्या दुसऱ्या माणसानं सांगितलं की पियानो विकला. घेणाऱ्यानं आतली लोखंडी चौकट, तारा, हॅमर सगळं काढून टाकलं, बाहेरची लाकडी पेटी ठेवली आणि तिचं बाटल्यांचं कपाट केलं. तो इंग्लंडच्या ब्रॉडवुड कंपनीचा होता, उष्ण प्रदेशांसाठी बनवलेला, कीजना पितळी स्क्रू घातलेले. सुपरग्लूची ही युक्ती तेव्हा मला माहीत नव्हती. पण मी 'भंगार' म्हणालो नसतो तर कदाचित तो आणखी काही वर्षं त्या घरात राहिला असता. ते गृहस्थ पुन्हा रस्त्यात भेटले तेव्हा मी मान खाली घातली.

आता हॉल.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, "वरचं दीड सप्तक कधी कधी तसंच राहतं, पण ते कुणाच्या लक्षात येत नाही." पवईच्या फोटोंबद्दल लिहिताना तू चिडलायस, आजोबांबद्दल लिहिताना दुखावलायस. या वाक्यात मात्र तू अगदी शांत आहेस. मला त्या शांततेची भीती वाटली.

लक्षात येतं रे. जो पियानोवर बसतो त्याच्या पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येतं. तो तिथे बोलत नाही, कारण अर्ध्या तासात पडदा उघडायचा असतो. तो कार्यक्रमात वरच्या जागा टाळतो आणि घरी जाऊन सांगतो की त्या हॉलचा पियानो वाईट आहे. आणि तो ट्यून कोण करतं हे विचारायला कुणाला वेळ लागत नाही. मुंबईत ट्यूनर आहेत किती?

बाकीची तिघं तुला त्रास देतात, पण त्यांच्या घरात तू चांगलं काम करायला मोकळा असतोस. हॉलमध्ये तुला चांगलं काम करूच देत नाहीत. मैफलीचा पियानो लावायला दोन-अडीच तासांची शांतता लागते. तुला मिळतो एक तास, आणि त्यातही माइकवाल्याचं "हॅलो, चेक" चालू. पियानो आदल्या रात्री पडद्यामागच्या दमट कोपऱ्यात, सकाळी ओढून दिव्यांखाली आणलेला, एसी नुकताच लावलेला. सूर २० सेंट उतरला असेल तर एका फेरीत ओढलेल्या तारा पुन्हा खाली येतातच. आधी कच्ची फेरी, मग पक्की, हे तुला अंकलनी पहिल्या वर्षी शिकवलं असणार. त्या हॉलमध्ये ते करता येत नाही, हे तू मान्य करून टाकलंयस. व्यवस्थापक गोड बोलतात यावर माझा विश्वास आहे. त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही, त्यांच्यावरही वरून दबाव असेल. पण त्यांच्या गोड बोलण्यात तुझी वर्षाची बारा-चौदा कामं वाईट होतात, आणि ती वाईट झालेली तुला आता ऐकू येईनाशी झालीत.

सोडायचं असेल तर हे सोड.

एकदम नाही. आधी अटी सांग, लेखी, गोड भाषेतच. मी असं लिहिलं असतं: "नमस्कार. आपल्या हॉलचं काम करताना मला आनंद होतो, म्हणूनच ते नीट व्हावं अशी इच्छा आहे. यापुढे पियानो आदल्या संध्याकाळी रंगमंचावर जागेवर आणून ठेवावा, ट्यूनिंगसाठी अडीच तास हॉल शांत मिळावा, निम्मे पैसे आधी आणि उरलेले ३० दिवसांत मिळावेत. हे जमत असेल तर मी आहेच. जमत नसेल तर आत्तापर्यंत ठरलेले कार्यक्रम मी पूर्ण करीन आणि त्यानंतर आपण दुसरी व्यवस्था करावी." एवढंच. कारणं देऊ नकोस, जुन्या तक्रारी काढू नकोस. हा निरोप कार्यक्रमाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी पाठवायचा नाही. अडवून मागितल्यासारखं होतं ते.

दहातले दोन हॉल अशा अटी मान्य करतात, माझा अनुभव सांगतो. केल्या तर तू राहा आणि वरच्या दीड सप्तकापासून काम सुरू कर.

अडकलेल्या पैशांचं वेगळं. तू उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, केली नसशील तर याच आठवड्यात कर, फुकट आहे, ऑनलाइन होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. जुन्या बिलांसाठी त्याचा भरवसा धरू नकोस, पुढच्या कामांसाठी धर. बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला असला की बरीचशी बिलं तक्रारीशिवायच सुटतात. जुन्या बाकीसाठी महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, एकाच शांत आवाजात फोन कर.

काम सोडलंस तर पुढच्या ट्यूनरचं नाव हॉलला देण्याआधी त्या ट्यूनरला फोन कर. पैसे किती महिन्यांनी येतात, वेळ किती मिळतो, पियानोच्या कोणत्या तारा बदलल्या, कुठल्या पिनेला दोनदा हात लावावा लागतो, सगळं सांग. व्यवस्थापक कसे आहेत याबद्दल बोलू नकोस, आकडे पुरेत. मग त्याला हवं तर तो जाईल. पार्ला, पवई, दादर यांतलं कुठलंही घर कधी सोडावं लागलं तरी हाच रिवाज पाळ: सोडायच्या आधी पियानो सुरात लावून द्यायचा, वही पुढच्याला द्यायची.

तुझं उत्पन्न घटेल, हे मी विसरलेलो नाही. बारा-चौदा कामं म्हणजे महिन्याला एखादं. पण ते सहा-आठ महिन्यांनी हातात येणारे पैसे आहेत, आणि प्रत्येक वेळी त्या सकाळी ठरलेलं एक घर तू पुढे ढकलत असणार. कुठली घरं ढकललीस ती वहीत बघ. त्यांत पार्ल्याचं नाव निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

फुकट फेऱ्यांबद्दल एक राहिलं. ट्यूनिंगनंतर दोन आठवड्यांत काही सरकलं तर फुकट जायचं, कारण ते आपलं. त्यानंतर फेरीचे पैसे. हा नियम सगळ्या नव्वद घरांना सारखा सांग, बाईंनाही. पण या चौथ्या वेळेपुरता नको, ही फेरी तुझ्याकडून.

सकाळची वेळ घे, एसी आदल्या दिवसापासून जसा रोज असतो तसाच ठेवायला सांग. मोबाइल बंद कर. मशीन पिशवीतून काढू नकोस. बाईंना आधी तानपुऱ्यावर गाऊ दे, मुलीलाही जवळ बसव. मग मधल्या डी च्या तिन्ही तारा एकेक करून ऐक.

तुझा,
काका